घरबांधणीचा अंदाजपत्रकाबाहेरील खर्च : बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बोईसर हे पालघर तालुक्यातील पश्चिम रेल्वेवरील स्थानक. अर्धशतकापूर्वी त्याचे स्वरूप एका सामान्य खेड्याचे होते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले आणि पुढील दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. तेव्हापासून बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली या गावांच्या सीमा एकमेकींत मिसळत गेल्या. २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणूपर्यंत पोहोचली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अलीकडे मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे स्थानक व वाढवण बंदर यांच्या घोषणांनी जमिनीच्या अपेक्षित किमती आणखी वर नेल्या. या सर्व काळात येथे लहानमोठी घरे सातत्याने बांधली जात आहेत. पाड्यावरील घरकुल, कोळीवाड्यातील कौले उतरवून चढवलेला स्लॅब, कामगाराने कर्ज काढून घेतलेली सदनिका आणि चार खोल्यांची चाळ हे सारे प्रकार चार-सहा किलोमीटरच्या परिघात आढळतात.

घर बांधणाऱ्यांची आर्थिक ऐपत भिन्न असली तरी त्यांचा अनुभव एका बाबतीत विलक्षण सारखा असतो. ठरवलेल्या रकमेत घर पूर्ण होत नाही. याचे स्पष्टीकरण साधारणतः महागाई, कंत्राटदाराची लबाडी किंवा मालकाची हौस या तीन कारणांत शोधले जाते. तीनही कारणे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. अंदाजपत्रकात विटा, सिमेंट, सळई, रेती आणि मजुरी यांचा हिशेब असतो. जमिनीच्या कागदाचा, बांधकाम सुरू होण्यापासून ते संपेपर्यंत जाणाऱ्या काळाचा आणि त्या काळात कुटुंबाने अन्यत्र राहण्याचा हिशेब त्यात नसतो. बोईसर परिसरात घर महाग पडते ते मुख्यत्वे या न लिहिलेल्या बाबींमुळे. प्रस्तुत लेखात या बाबींचे स्वरूप व त्यांमागील कार्यकारणभाव स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कुडाचे घर आणि खर्चाची विभागणी

वारली, मल्हार कोळी, कातकरी आदी समाजांचे पारंपरिक घर कुडाचे असते. लाकडी खांबांच्या चौकटीत कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा आणि वर पेंढा किंवा कौले घालायची, अशी ही रचना आहे. हे घर ‘स्वस्त’ असल्याचे म्हटले जाते. पण ते विधान काळजीपूर्वक तपासले पाहिजे. कुडाच्या घराला श्रम कमी लागत नाहीत. दरवर्षी भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते आणि काही वर्षांनी कारवी बदलावी लागते. फरक असा की हा खर्च एकाच वेळी येत नाही आणि त्यातील फार थोडा भाग रोख रकमेत द्यावा लागतो. साहित्य जंगलातून येते, श्रम घरातील माणसांचे व शेजाऱ्यांचे असतात आणि आज शेजाऱ्याने दिलेला दिवस उद्या त्याच्या घरी जाऊन फेडता येतो.

पक्के घर ही विभागणी उलटी करते. पुढील तीस-चाळीस वर्षांचा खर्च पहिल्या आठ-दहा महिन्यांत आणि तोही रोखीने द्यावा लागतो. देखभाल कमी होते हा लाभ खरा; परंतु ज्या कुटुंबाकडे श्रम आहेत आणि रोकड नाही, त्याच्यासाठी ही अदलाबदल सोपी नसते. जंगलावरील निर्बंधांमुळे चांगले लाकूड व कारवी मिळणे दुरापास्त झाल्याने जुना पर्यायही आता पूर्वीसारखा खुला राहिलेला नाही. म्हणून कुडाच्या घराचे गुणगान करणाऱ्या शहरी लेखनाकडे थोडे सावधपणे पाहावे. पावसाळ्यातील ओल, वाळवी आणि साप यांसह त्या घरात राहणाऱ्याला पक्के घर हवे असते, आणि ती अपेक्षा रास्त आहे.

जॉन टर्नर या ब्रिटिश वास्तुविशारदाने पेरू देशातील वस्त्यांच्या अनुभवावरून १९७२ मध्ये ‘फ्रीडम टू बिल्ड’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, घर ही तयार वस्तू नसून चालू राहणारी क्रिया आहे. उत्पन्न वाढेल तसे कुटुंब घर वाढवीत नेते. महाराष्ट्रात चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८० च्या दशकात याच जातीचा विचार प्रत्यक्षात आणला; प्रत्येक घराला वाढण्यास जागा ठेवली. कुडाचे घर ही क्रिया मुळातच सामावून घेते. काँक्रीटच्या घराला ती पेलत नाही असे नाही, पण तिची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते.

जमिनीचा कागद

घराचा पहिला खर्च पाया खोदण्यापूर्वीच सुरू होतो. बोईसर परिसरात शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्याचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर झाले. खरेदीदाराच्या हाती अनेकदा केवळ मुद्रांक कागदावरील करारनामा असतो. नंतर ग्रामपंचायत घरपट्टी आकारते, नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत नाव लागते, वीजजोडणी मिळते, आणि आपण मालक झालो अशी कुटुंबाची समजूत होते. वस्तुतः घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकी हक्काचा नव्हे. हा भेद लक्षात येतो तो बँकेत कर्ज मागण्यास गेल्यावर. शीर्षक स्वच्छ नाही म्हणून बँक नकार देते आणि तेच कुटुंब अधिक व्याजाच्या खासगी कर्जाकडे वळते. कागदातील त्रुटी अशा रीतीने व्याजदराच्या रूपाने दरमहा वसूल होते.

या त्रुटींना कारणीभूत ठरणारे कायदे एक नव्हे, अनेक आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४४ नुसार शेतजमिनीच्या अकृषिक वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. नंतरच्या दुरुस्त्यांनी ती टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या हस्तांतरणास प्रतिबंध केला, पण लहान तुकड्याची गरज काही नाहीशी झाली नाही. संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही. या तरतुदीचा हेतू निःसंशय योग्य आहे. ती नसती तर औद्योगिक वसाहतीलगतचे पाडे केव्हाच उठले असते. तथापि तिला बगल देऊन झालेल्या व्यवहारांत शेवटी दोन्ही पक्ष अडकतात : विकणाऱ्याची जमीन जाते आणि घेणाऱ्याचे घर कायम टांगणीवर राहते.

किनारपट्टीवर आणखी एक थर चढतो. मुरबे, नवापूर, दांडी, घिवली आदी गावांतील बरीच घरे भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येतात आणि १९९१ पासून तेथे सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. वाटणी झाली की कोळी कुटुंबाला एकाच घराची दोन घरे करावी लागतात, आणि हा साधा कौटुंबिक प्रसंग पर्यावरणविषयक परवानगीचा विषय बनतो. २०१९ च्या अधिसूचनेने ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरांबाबतचे अधिकार स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवून ही अडचण काहीशी कमी केली. अणुवीज केंद्राच्या सान्निध्याचा प्रश्न निराळा. तारापूरसारख्या जुन्या केंद्राभोवती सुमारे १.६ किलोमीटरचे वर्जित क्षेत्र असते आणि त्यापलीकडे ५ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात लोकसंख्येची नैसर्गिक वाढ मान्य असली तरी तिला चालना देणाऱ्या नव्या विकासावर नियंत्रण असते. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे हलवण्यात आली. नव्या वसाहतीतील घरे व पुनर्वसन यांविषयीची गाऱ्हाणी पुढे दीर्घकाळ चालत राहिली. ज्याला घरात राहायचे आहे तो बांधकामावर देखरेख करणारा नसला की काय घडते, याचे हे उदाहरण पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी सविस्तर तपासण्याजोगे आहे.

पाड्यांवर प्रश्न अधिक मूलभूत आहे. तेथे गावठाणच नसते किंवा अपुरे असते. घरकुल मंजूर झाले, पण ते बांधावे कोणत्या जागेवर, असा पेच उभा राहतो. २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकारांचा वापर करून वनहक्क कायद्यात फेरबदल केला व अनुसूचित क्षेत्रातील वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधण्याचा मार्ग मोकळा केला. भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागाखरेदीस पूर्वी ५०,००० रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य मिळे. ती मर्यादा नंतर १ लाखावर नेण्यात आली. औद्योगिक वसाहतीच्या आसपास या रकमेत जागा मिळण्याची आशा करणे व्यर्थ आहे.

चौरस फुटाचा दर आणि त्यातील गृहीतके

स्वतःच्या जागेवर घर बांधणारा माणूस प्रथम विचारतो तो ‘चौरस फुटाचा दर’. हा दर सोयीस्कर असला तरी फसवा असतो. शौचखड्डा, पाण्याची टाकी, कूपनलिका, कुंपण, वीजजोडणी आणि भराव हे त्यात बहुधा धरलेले नसतात. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या सखल जमिनीवर तर जोते उंच घ्यावे लागते आणि भरावाचा खर्चच मालकाला चकित करतो.

काम देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. मालासह उक्ते काम दिल्यास माल वाचविण्यात कंत्राटदाराचा लाभ असतो. केवळ मजुरीचे उक्ते दिल्यास काम लवकर उरकण्यात त्याचा लाभ असतो आणि माल वाया गेला तरी त्याचे काही बिघडत नाही. दोन्ही पद्धतींत ज्या गोष्टी झाकल्या जाणार आहेत त्यांचीच हेळसांड होते. सळईवरील काँक्रीटचे आवरण किती जाड आहे, स्लॅबवर किती दिवस पाणी मारले, हे गिलावा झाल्यावर कोणालाही पाहता येत नाही.

बोईसरसारख्या ठिकाणी नेमक्या याच दोन गोष्टी निर्णायक असतात. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर जे संरक्षक आवरण तयार झालेले असते ते भंगते आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. प्रथम सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग पोपडा सुटतो आणि शेवटी सळई उघडी पडते. भारतीय मानक ४५६ (२०००) यात म्हणूनच परिस्थितीनुसार वेगवेगळ्या अपेक्षा नमूद आहेत. सौम्य परिस्थितीत एम-२० प्रतीचे काँक्रीट व २० मिलिमीटर आवरण चालते. तीव्र परिस्थितीत, आणि किनारी वातावरण त्यातच मोडते, एम-३० प्रत व ४५ मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे. लहान घरांच्या बांधकामात मात्र गवंडी सर्वत्र तेच परिचित मिश्रण वापरतो. दोन प्रतींमधील सिमेंटचा फरक एकूण खर्चाच्या तुलनेत फार मोठा नसतो. तो टाळल्याची किंमत पंधरा-वीस वर्षांनी दुरुस्तीच्या रूपाने येते.

पाण्याचेही तसेच. याच मानकानुसार सळईयुक्त काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि त्याचा सामू ६ पेक्षा कमी नसावा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या विहिरी किंवा कारखान्यांच्या शेजारचे भूजल या कसोटीस उतरेलच असे नाही. तरीही तपासणी क्वचितच होते. सिमेंटच्या प्रकारानुसार किमान सात ते दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते, उष्ण हवेत त्याहूनही अधिक. मार्च ते मे या महिन्यांत, जेव्हा पाड्यांवर पिण्याच्या पाण्याची ओरड असते, तेव्हा स्लॅबवर पाणी साठवून ठेवणे ही चैन ठरते. टँकर मागवावा तर तो अंदाजपत्रकात नसतो. परिणामी स्लॅब अर्धवट मुरतो आणि पहिल्याच पावसात गळू लागतो.

रेतीच्या बाबतीत २०१२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. नद्या व खाड्या वाचविण्याच्या दृष्टीने हा निर्णय अपरिहार्य होता. लिलाव रखडले की रेती मिळेनाशी होते, मिळाली तर चोरटी मिळते आणि तिच्या दरात जोखमीची किंमत मिसळलेली असते. खाडीची न धुतलेली रेती वापरल्यास क्लोराइड बाहेरून येण्याची वाटही पाहावी लागत नाही. ते काँक्रीटमध्ये पहिल्या दिवसापासूनच असते. दगडाच्या चुऱ्यापासून केलेली कृत्रिम रेती हा पर्याय आता रूढ होत आहे, मात्र गिलाव्यासाठी ती घेण्यास अनेक गवंडी अजून नाखूष असतात. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २०१७ पासून २८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. आठ वर्षे गरिबाच्या घराच्या सिमेंटवर सर्वोच्च टप्प्याचा कर होता, ही नोंद येथे करणे आवश्यक आहे.

परिसरात फिरताना अनेक घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. पुढेमागे मजला चढवायचा, या आशेची ती खूण. टर्नर यांनी वर्णिलेली वाढती घरे ती हीच. मात्र खाऱ्या हवेत या उघड्या सळ्या दरवर्षी क्षीण होतात आणि गंज खालच्या खांबातही उतरतो. जेव्हा मजल्यासाठी पैसे जमतात तेव्हा सळई पूर्वीच्या जाडीची राहिलेली नसते. सळयांच्या टोकांना सिमेंटची राळ लावणे किंवा हलक्या काँक्रीटच्या टोप्या बसवणे हा किरकोळ खर्चाचा उपाय आहे, पण तो सांगणारे कोणी नसते. कारण गवंड्याचे उक्ते खालच्या मजल्यापुरतेच असते.

जुने घर सुधारणाऱ्यांची अडचण याहून वेगळी. कौले उतरवून स्लॅब घालताना जुन्या भिंती व पाया त्या वजनासाठी बांधलेले नाहीत, हे बहुधा काम सुरू झाल्यानंतर उमगते. मग दुरुस्तीचे काम पुनर्बांधणीचे होते आणि अंदाजपत्रक दुप्पट होते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळासारख्या प्रसंगी कौले व पत्रे उडाल्यानंतर स्लॅबची ओढ वाढणे स्वाभाविकच आहे. दुसरीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि घरांच्या भिंतींना तडे गेले. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार हा प्रदेश तिसऱ्या भूकंपीय पट्ट्यात मोडतो. वादळाला जड छप्पर मानवते, भूकंपाला हलके. कोपरे सांधणारी सलग काँक्रीटची पट्टी जोत्यापाशी व दारांच्या वर घातली तर दोन्हींचा धोका पुष्कळ कमी होतो. ही पट्टी घराच्या खर्चात थोडीच भर घालते, पण आधीच उभ्या असलेल्या भिंतीत ती नंतर घालणे जवळजवळ अशक्य असते.

सदनिका घेणाऱ्याचा काळ

औद्योगिक वसाहतीतील कामगार वा कारकून घर बांधत नाही. तो बांधले जात असलेले घर विकत घेतो. त्याच्या बाबतीत काळाचा खर्च अगदी रुपयांत मोजता येतो. उदाहरणादाखल, १८ लाखांच्या सदनिकेसाठी १५ लाखांचे कर्ज मंजूर झाले आणि बांधकामाच्या टप्प्यांनुसार त्यापैकी १० लाख उचलले गेले, असे मानू. ९ टक्के दराने या रकमेचे व्याज दरमहा ७,५०० रुपये होते. ताबा १८ महिने लांबला तर १,३५,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात आणि मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. याच काळात महिना ५,००० रुपये भाड्याच्या खोलीत राहावे लागल्यास आणखी ९०,००० रुपये. एकूण २,२५,००० रुपये, म्हणजे सदनिकेच्या किमतीचा आठवा हिस्सा, ज्याच्या मोबदल्यात एकही वीट मिळालेली नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने या स्थितीत दिलासा दिला, हे मान्य केले पाहिजे. ताबा लांबल्यास कलम १८ नुसार व्याज मागता येते, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि रचनात्मक दोषांची जबाबदारी पाच वर्षे विकासकावर राहते. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि ग्रामपंचायत हद्दीतील लहान इमारती नेमक्या याच मापाच्या असतात. भोगवटा प्रमाणपत्राविना राहायला जाणे, जमिनीचे अभिहस्तांतरण न होणे आणि त्यामुळे इमारत मोडकळीस आल्यावर पुनर्बांधणीचा हक्क सिद्ध न होणे ही मालिका पुढे चालू राहते. महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, १९६३ मध्ये २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे. तिचा लाभ घेण्यासाठी लागणारी कागदपत्रे जमवणे हाच एक स्वतंत्र खर्च आहे.

घरकुल, हप्ता आणि वीटभट्टी

काळाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो पाड्यावरील घरकुलात. इंदिरा आवास योजनेखाली सपाट प्रदेशातील घरास मिळणारे साहाय्य २००८ मध्ये ३५,०००, २०१० मध्ये ४५,००० आणि २०१३ मध्ये ७०,००० रुपये करण्यात आले. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू होताना ते १,२०,००० रुपये, डोंगराळ व दुर्गम भागासाठी १,३०,००० रुपये झाले. त्यानंतर २०२४ मध्ये योजनेचा पुढील टप्पा मंजूर झाला तेव्हाही केंद्राची ही रक्कम तीच राहिली. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. १,२०,००० रुपयांना या क्षेत्राने भागल्यास चौरस फुटाला सुमारे ४४६ रुपये पडतात. स्वच्छ भारत अभियानातून शौचालयासाठी १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ मधील ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये, धरली तरी बेरीज १,६०,०८० रुपये होते. राज्य शासनाने २०२५ मध्ये ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. त्यातील ३५,००० बांधकामासाठी व उर्वरित १५,००० सौर ऊर्जा यंत्रणेसाठी आहेत. त्याच वर्षीच्या रेती धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याची तरतूद आहे. एवढ्या घरास ५ ब्रास, म्हणजे ५०० घनफूट, पुरेशी आहे. पण घाटापासून पाड्यापर्यंतची वाहतूक विनामूल्य होत नाही आणि जेथे ट्रक पोहोचत नाही तेथे शेवटचा टप्पा डोक्यावरून करावा लागतो.

रकमेहून अधिक विचारात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ती मिळण्याची रीत. साहाय्य हप्त्यांनी मिळते आणि प्रत्येक हप्ता बांधकामाच्या टप्प्याशी जोडलेला असतो. जोते झाले, त्याचे स्थाननिश्चिती असलेले छायाचित्र काढले गेले, ते तपासले गेले, की पुढील हप्ता. गैरव्यवहार रोखण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. तिचे गृहीतक मात्र असे की, टप्पा पूर्ण करण्यापुरते पैसे लाभार्थ्याकडे आधीच आहेत. पैसे असते तर तो घरकुलाच्या यादीत नसता. म्हणून दुकानदाराची उधारी घ्यावी लागते, आणि उधारीचा माल रोखीच्या दराने मिळत नाही.

याच्या जोडीला हंगामाचे गणित येते. कोकणच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बांधकाम जवळजवळ थांबते. भातशेतीची कामे आटोपेपर्यंत दिवाळी उजाडते. घर बांधण्यास योग्य असा काळ नोव्हेंबर ते मे एवढाच. आणि नेमक्या याच काळात पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वसई, भिवंडी व ठाण्याच्या परिसरातील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. पावसाळ्यातील अन्नधान्यासाठी, आजारपणासाठी किंवा लग्नासाठी भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर नवराबायको मुलाबाळांसह भट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. घर मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांत ते पूर्ण व्हावे अशी योजनेची अपेक्षा असते. या बारा महिन्यांतील बांधकामयोग्य असे सातही महिने लाभार्थी गावात नसतो.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. २५ चौरस मीटरच्या घराच्या नऊ इंची भिंतींना, दारे-खिडक्यांची जागा वगळता, ढोबळमानाने साडेसात-आठ हजार विटा लागतात. भट्टीवरील एक कुटुंब दिवसाला हजारभर विटा पाडते असे धरले तर स्वतःच्या घराच्या विटा ते आठ दिवसांत पाडू शकते. प्रत्यक्षात ते कुटुंब सहा-सात महिने विटा पाडते आणि परतल्यावर स्वतःच्या भिंतीसाठी विटा विकत घेते किंवा तोवर भिंत अर्धीच राहते. हप्त्याचे पैसे मार्चमध्ये खात्यात जमा झाले तर घरी कोणी नसते. जूनमध्ये जमा झाले तर पाऊस असतो आणि ते पैसे बी-बियाणे व धान्यात खर्च होतात. मग तपासणीच्या वेळी काम अपूर्ण दिसते आणि लाभार्थ्याने निधीचा गैरवापर केल्याचा शेरा पडतो.

रोजगार हमीतील ९० दिवसांची मजुरी ही या चक्रातून बाहेर पडण्याची खरी वाट ठरू शकली असती, कारण तिच्यामुळे स्वतःच्याच घरावर राबून रोजी मिळण्याची सोय होते. परंतु भट्टीची उचल आगाऊ मिळते आणि हमीची मजुरी काम झाल्यावर, अनेकदा विलंबाने. ज्याच्या घरात ऑगस्टमध्ये धान्य संपलेले असते त्याला आगाऊ रक्कम देणाराच जवळचा वाटतो. घरकुलाचा पहिला हप्ता व हमीच्या कामाचे हजेरीपत्रक भट्टीमालकाची माणसे पाड्यावर येण्यापूर्वी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास तयार असेल, तर निदान काही कुटुंबांना त्या वर्षी गावात थांबण्याचा पर्याय राहील. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. मंजुरीच्या तारखा चार महिने अलीकडे आणाव्या लागतील. ग्रामसभांतून याद्या, पंचायत समितीतून मंजुरी, अभियंत्याची जागापाहणी ही कामे पावसाळ्यातच उरकली तर हे शक्य आहे. सध्या ती बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीकडे, उद्दिष्टपूर्तीच्या घाईत होतात, आणि तोपर्यंत पाड्यावर म्हातारी माणसे व शेळ्या एवढेच उरलेले असते.